वोल्बाकियाची लॅम्प चाचणी
डासाच्या शरीरात वोल्बाकिया हा जीवाणू आहे की नाही, हे जीवाणूच्या डीएनएवरून ओळखण्याची सोपी रेणवीय चाचणी. हा जीवाणू 1924 मध्ये क्युलेक्स डासात आढळला. डेंग्यू पसरवणाऱ्या ईडिस इजिप्ती डासात मात्र तो निसर्गतः सहसा नसतो. प्रयोगशाळेत या डासात तो घातला, की डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखली जाते. शिवाय अंड्यांमार्फत तो पुढच्या पिढीत उतरतो. असे डास 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील केर्न्स परिसरात सोडण्यात आले. पुढे इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरातील प्रयोगात डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी घटले.

डास सोडणे हे अर्धेच काम. जीवाणू तिथल्या डासांत टिकला का, हे सापळ्यांत पकडलेले डास तपासूनच कळते. त्यासाठी डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या नेहमीच्या पीसीआर चाचणीला तापमान सतत चढवणारे-उतरवणारे महागडे यंत्र लागते. जपानी संशोधकांनी 2000 मध्ये मांडलेल्या लॅम्प पद्धतीला ते लागत नाही. डासापासून काढलेला अर्क, चार ते सहा प्राइमर (डीएनएचे छोटे तुकडे) आणि बीएसटी पॉलिमरेज हे विकर सुमारे 65 अंश सेल्सिअसला ठेवले, की तासाभरात जीवाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती तयार होतात. मिश्रणात फिनॉल रेड हा रंगसूचक असल्यास गुलाबी रंग पिवळा होतो. निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. चाचणीनंतर नळी उघडू नये. उघडल्यास पुढचे नमुने दूषित होऊन खोटे होकारार्थी निकाल येतात. जीवाणूंचे नेमके प्रमाण मोजायला क्यूपीसीआर ही प्रमाण मोजणारी पीसीआरच अधिक भरवशाची.

भारतात पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने वोल्बाकियायुक्त ईडिस इजिप्ती डास विकसित केले आहेत.