पार्किन्सन्सची गोळी: स्ट्रिपवरचा आकडा, वेळ आणि सोबतची औषधं

‘हात कापते, चाल मंदावली’ म्हणून तपासायला गेलेल्या माणसाला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात निघाला, की चिठ्ठीवर बहुतेक वेळा लेवोडोपा-कार्बिडोपा लिहून येतं. गोळी एकच, पण आत औषधं दोन. मेंदूत कमी पडणारं डोपामिन लेवोडोपापासून तयार होतं. नुसतं लेवोडोपा घेतलं तर त्यातलं बरंचसं मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतं आणि मळमळ होते. कार्बिडोपा तो खर्च अडवतं.

म्हणून स्ट्रिपवरचा आकडा पाहा. सिंडोपा ११० मध्ये १०० मिलिग्रॅम लेवोडोपा आणि १० कार्बिडोपा असतं, सिंडोपा प्लसमध्ये १०० आणि २५. कार्बिडोपाचा पुरेसा उपयोग व्हायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. ११० च्या तीन गोळ्यांतून ३० च मिळतं, प्लसच्या तीनमधून ७५. मेडिकलवाला ‘एकच आहे, घेऊन जा’ म्हणाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. ‘सीआर’ लिहिलेली गोळी कुटून किंवा चावून देऊ नका, ती हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेली असते.

गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास घेतलेली बरी. तुरीचं वरण, दूध, अंडी यातली प्रथिनं तिची वाट अडवतात. याचा अर्थ वरण सोडा असा नाही. सुरुवातीला मळमळ होत असेल तर डॉक्टर थोडं खाऊन घ्यायला सांगतात. लोहाची गोळी दोन तासांच्या अंतराने द्या. एकादशी असो की नवरात्र, उपासातही गोळी चुकवायची नाही.

खरा घोटाळा होतो तो दुसऱ्याच आजारासाठी दवाखान्यात गेल्यावर. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी औषधं डोपामिनचंच काम रोखतात आणि ताठरपणा वाढतो. घरच्यांना वाटतं आजार बळावला. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन सुरू असेल तर दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध टाळावं लागतं. कंपासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने (पॅसिटेन) वयस्क माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, लघवी अडते. गावातल्या डॉक्टरांकडे साध्या तापासाठी गेलात तरी जुनी चिठ्ठी आधी पुढे करा.

खाजकुयरीच्या, म्हणजे कवचबीजाच्या, चूर्णाबद्दल नेहमी विचारणा होते. तिच्या बियांत लेवोडोपा खरंच असतं. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी १९७८ मध्ये या रुग्णांवरचा तिचा अभ्यासही प्रसिद्ध केला. नेमकी म्हणूनच गोळीसोबत चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट व्हायची भीती. अंग वेडंवाकडं हलणं, उभं राहताच चक्कर, नसलेली माणसं दिसणं ही जास्त मात्रेची लक्षणं असू शकतात. चूर्ण सुरू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

त्रास दिसला म्हणून गोळी एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं. अचानक बंद केल्यावर जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, शुद्ध हरपणं असं झालं तर घरी थांबू नका. अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार, जे जवळ असेल ते गाठा. धारणी-चिखलदऱ्याकडच्यांनी पावसाळ्यात स्ट्रिप संपायच्या आठ-दहा दिवस आधीच पुढची आणून ठेवावी. एसटीने निघालात तर मधल्या वेळची गोळी खिशात असू द्या, आणि पेशंट भरती झाला तर गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून वॉर्डातल्या सिस्टरला द्या.