पॉपी आणि सुरिया : एका स्मरणचिन्हाला झालेल्या विरोधाचा इतिहास

नोव्हेंबर हा आपल्या धर्मग्रामांत मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेस कबरस्तानात मेणबत्त्या लागतात, कबरींवर फुले पडतात, आणि ज्यांचे नाव घेणारे कोणी उरलेले नाही त्यांच्यासाठीही प्रार्थना होते. त्यानंतर नऊ दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, इंग्लंडात व त्याच्या जुन्या साम्राज्यातील कित्येक देशांत मृतांच्या स्मरणाचा दुसरा एक दिवस पाळला जातो. त्या दिवसांत लोक छातीवर तांबडे कागदी फूल लावतात. त्याला पॉपी म्हणतात. गेल्या वर्षी सीमाभागातील एका धर्मशिक्षकाने आम्हांस विचारले की, इंग्लंडहून परतलेल्या एका गृहस्थाने अशा फुलांची पेटी चर्चला भेट दिली आहे. ती फुले रविवारी मुलांच्या छातीवर लावावीत काय? त्या गावात पलटणीतून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ, त्यामुळे प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते उडवाउडवीचे होते. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती होय.

पॉपी हे खसखशीच्या जातीतील एक रानफूल. पहिल्या महायुद्धात बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील शेतजमीन तोफगोळ्यांनी उलथीपालथी झाली, तेव्हा मातीत पडून राहिलेले त्याचे बी वर आले आणि खंदकांच्या व कबरींच्या कडेने ते फुलू लागले. जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टराने १९१५ साली त्यावर एक कविता लिहिली. ती वाचून मोईना मायकेल या अमेरिकन शिक्षिकेने १९१८ मध्ये ते फूल छातीवर लावण्याची प्रथा सुरू केली, व ॲना गेराँ या फ्रेंच बाईने कापडी पॉपी विकून युद्धपीडितांसाठी पैसा उभा करण्याची कल्पना देशोदेशी नेली. ब्रिटनमधील माजी सैनिकांच्या 'ब्रिटिश लीजन' या संस्थेने ती उचलली आणि ११ नोव्हेंबर १९२१ रोजी तेथे पहिला पॉपी दिन साजरा झाला. पैसा अपंग सैनिकांसाठी आणि विधवा व अनाथ मुलांसाठी. यात कोणाला वावगे वाटावे असे काही दिसत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या निधीला ब्रिटिश सेनापती हेग यांचे नाव दिले होते आणि फुलाच्या मधल्या काळ्या बोंडावर ते १९९४ पर्यंत छापले जात असे. १९१६ साली सोम नदीकाठच्या ज्या लढाईच्या पहिल्याच दिवशी १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले, ती लढाई या हेगसाहेबांच्याच हुकमतीखाली झाली होती. शोकाचे चिन्ह आणि सत्तेचे चिन्ह अशी दोन्ही रूपे त्या एका फुलात प्रारंभापासून होती.

हे दुसरे रूप ज्यांना प्रथम बोचले त्यांत आपले शेजारी सिलोनचे लोक होते. आपल्याकडे ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नाही.

सिलोन म्हणजे आजची श्रीलंका तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. दर ११ नोव्हेंबरला तेथे पॉपी विकली जाई. युरोपीय मळेवाले व सरकारी अधिकारी ती घेत हे ओघानेच आले. परंतु शाळेतील मुलांनाही ती घ्यावी लागे. गोळा झालेल्या पैशाचा बहुतेक भाग इंग्लंडला जाई. सिलोनमधूनही माणसे त्या युद्धात गेली होती, त्यांतील गरजूंच्या वाट्याला फार थोडे येई. १९३१ साली एलियन परेरा यांनी याविरुद्ध एक सोपी युक्ती काढली. (गोव्यातील वाचकांस हे आडनाव घरचे वाटेल. ती पोर्तुगीज अमलाची खूण खरी, पण सिलोनमध्ये ते लावणारे पुष्कळ लोक बौद्ध आहेत.) त्यांनी त्याच दिवशी, त्याच कारणासाठी, दुसरे फूल विकण्यास काढले आणि त्याचा पैसा सिलोनच्याच माजी सैनिकांना देण्याचे ठरविले.

ते फूल सुरिया झाडाचे होते. सिंहली भाषेत 'मल' म्हणजे फूल, म्हणून त्यास 'सुरिया मल' म्हणत. हे झाड आपल्या परिचयाचे आहे. कोकणात व गोव्यात खाडीकाठी ज्यास भेंडीचे झाड म्हणतात (भाजीची भेंडी नव्हे), कोणी पारोसा पिंपळही म्हणतात, तेच हे. फूल सकाळी फिके पिवळे असते व दिवस कलता कलता तांबूस होत जाते. समुद्रापलीकडून आलेल्या पॉपीच्या जागी दाराशी उगवणारे फूल आले, एवढ्यानेच बोलायचे ते बोलून झाले होते.

परेरांची तक्रार वाटणीपुरती होती. युद्ध योग्य की अयोग्य हा प्रश्न त्यांनी काढला नव्हता. तो १९३३ साली निघाला, आणि नवल असे की तो काढणारी स्त्री इंग्लंडमध्ये जन्मलेली होती. डोरीन यंग लंडनमध्ये शिकत असता भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या मंडळींत वावरल्या होत्या. १९३० मध्ये त्या मातरा येथील एका बौद्ध कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून सिलोनला आल्या व पुढे डॉ. एस. ए. विक्रमसिंघे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. कोलंबोच्या 'सिलोन डेली न्यूज' पत्रात त्यांनी 'फुलांची लढाई' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. आपल्याच देशातील माजी सैनिक उपेक्षित असता, सिलोनच्या मुलांना इंग्लंडच्या सैनिकांसाठी फूल विकत घ्यायला लावणे कोणत्या न्यायात बसते, असा त्यांचा सवाल होता. एका मुख्याध्यापिकेने तो विचारावा याला महत्त्व आहे. मुलांच्या रांगेसमोर उभे राहून पैसे गोळा करण्याचा अनुभव शिक्षकालाच असतो.

तरुणांच्या संघांनी हा सवाल उचलला. होरणा येथे विल्मॉट परेरा यांच्या घरी सभा भरून सुरिया मल चळवळीची रीतसर स्थापना झाली व डोरीनबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. परदेशांतून नुकतेच शिकून आलेले एन. एम. परेरा, फिलिप गुणवर्धने यांसारखे तरुण याच वर्तुळातले. ११ नोव्हेंबरला कोलंबोच्या रस्त्यांवर एकीकडे पॉपीच्या टोपल्या आणि दुसरीकडे सुरियाच्या टोपल्या असा देखावा दिसू लागला. सुरिया घेणारे बहुतेक गरीब होते, म्हणून पैसा फारसा जमला नाही. तरीही रस्त्यावर निधी गोळा करण्यावर निर्बंध घालणारा कायदा करून सरकारने चळवळीला आळा घालण्याचा प्रयत्न केला. चार पैशांच्या फुलांसाठी कायद्याची गरज सरकारला का भासावी, हे वाचकांनीच ताडावे.

येथे आम्हांस एक शंका नोंदवावीशी वाटते. फुलाचा अर्थ वाढत गेला. आधी माजी सैनिकांची मदत, मग साम्राज्याला विरोध, मग युद्धालाच विरोध. परंतु ज्या लंगड्या-पांगळ्या देशी सैनिकासाठी एलियन परेरांनी ते प्रथम हातात घेतले, तो या चळवळीच्या पुढील हकीकतींत आम्हांला क्वचितच भेटतो. पॉपीवाल्यांनी त्याला विसरावे हे समजू शकते. त्याच्याच नावाने उभे राहिलेल्यांनाही त्याचा विसर पडला की काय? विरोधाचे चिन्ह जुन्या चिन्हाचा दोष सहज उचलते. मृत व जखमी माणसे मागे पडतात आणि चिन्ह पुढे चालू लागते.

मात्र त्या तरुणांच्या पदरी दुसरे पुण्य आहे. १९३४ साली पाऊस हुकला, नद्यांचे प्रवाह तुटून पात्रांत डबकी साचली, आणि वर्षअखेरीस सिलोनमध्ये हिवतापाची भयंकर साथ पसरली. १९३५ पर्यंत सुमारे ८० हजार माणसे दगावली. केगल्ल जिल्ह्यात कहर मोठा होता. सुरिया विकणारी हीच मुले-मुली तेथे खेडोपाडी गेली. औषध पाजले, धान्य वाटले. उपाशी रोग्याला नुसत्या क्विनीनने उभारी येत नाही हे दिसल्यावर डॉ. विक्रमसिंघे यांच्या देखरेखीखाली पौष्टिक यीस्टच्या अर्काच्या गोळ्या वळून, गावच्या वैद्याच्या गोळ्यांसारख्या करून दिल्या. एन. एम. परेरा यांना लोक डाळ वाटणारे साहेब म्हणून 'परिप्पु महत्तया' म्हणू लागले. १८ डिसेंबर १९३५ रोजी या मंडळींनी लंका समसमाज पक्ष स्थापन केला. १९३६ च्या निवडणुकीत परेरा रुवनवेल्लमधून व गुणवर्धने अविस्सावेल्लमधून निवडून आले. त्यांच्या मार्क्सवादी मतांशी आमचे पटणारे नाही. पण तापाने फणफणलेल्याच्या उशाशी कोण बसले होते, हा प्रश्न मतांच्या आधी येतो.

फुलांची लढाई सर्वत्र इतकी सौम्य राहिली नाही. आयर्लंडमधून सुमारे २ लाख माणसे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढली. त्याच काळात, १९१६ च्या ईस्टरमध्ये, डब्लिनमध्ये त्याच सत्तेविरुद्ध उठाव झाला. स्वतंत्र राज्य आल्यावर डब्लिनच्या रस्त्यांवर लोकांच्या छातीवरील पॉपी हिसकावल्या जाऊ लागल्या. काहींनी फुलामागे दाढीचे पाते लपवून हिसकावणाऱ्यांची बोटे कापली. १९२६ पासून उठावातील मृतांसाठी ईस्टर लिलीचे चिन्ह निघाले. एका घरातील दोन भाऊ दोन बाजूंनी मेले असले तर आईने कोणते फूल लावावे?

याच वैराची पुढची पायरी उत्तर आयर्लंडमधील एनिस्किलन येथे दिसली. ८ नोव्हेंबर १९८७, स्मरण रविवार. युद्धस्मारकापाशी जमलेल्या लोकांत आयरिश रिपब्लिकन आर्मीचा बॉम्ब फुटून ११ जण ठार झाले. जखमी झालेले आणखी एक गृहस्थ तेरा वर्षे बेशुद्धीत राहून वारले. गॉर्डन विल्सन हे मेथडिस्ट कापडव्यापारी आपल्या मुलीचा हात धरून ढिगाऱ्याखाली पडले होते. मुलगी वाचली नाही. मारणाऱ्यांविषयी आपल्या मनात द्वेष नाही आणि आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू, असे त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले. पुढे २०१२ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी त्या स्मारकापाशी आले तेव्हा त्यांनी तमालपत्रांसारख्या हिरव्या लॉरेल पानांचे चक्र वाहिले. त्यांनी पॉपी वाहिली नाही, पण यायचेही टाळले नाही.

डेरी शहरातील फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन यांचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी त्यांच्या गावी ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या; त्या दिवशी १३ जण मेले. इंग्लिश संघांत खेळत असतानाही मॅक्लीन सदऱ्यावर पॉपी लावत नसत व त्यासाठी त्यांना प्रेक्षकांच्या शिव्या खाव्या लागल्या. ते फूल केवळ दोन महायुद्धांतील मृतांसाठी असते तर आपण लावले असते, असे त्यांनी २०१४ मध्ये जाहीर पत्रात लिहिले. म्हणजे मृतांच्या स्मरणाला त्यांचा विरोध नाही; आपल्याला मारणाराही त्याच फुलात धरला आहे, हे त्यांना सोसत नाही.

आता आपल्याकडे पाहू. पॉपी दिन ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातही पाळला जाई. स्वातंत्र्यानंतर सरकारने आपला स्वतंत्र दिवस ठरविला; १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन झाला आणि पॉपीच्या जागी कागदी झेंडे आले. सिलोनमध्ये जे रस्त्यावर भांडून मागावे लागले, ते येथे एका सरकारी निर्णयाने झाले.

तथापि एक जुना हिशेब उरतो. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे ब्रिटिश फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली, तेव्हा तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींचे जवान होते. बेळगावात १९२२ साली ज्या मराठा रेजिमेंटचे केंद्र आले तिची परंपरा यांतीलच. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसरा येथे मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले, हिंदी अंमलदाराचेही कोरले. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव कबूल करून क्षमा मागितली. आशिया-आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले असा त्याचा अंदाज आहे. दरम्यान २०१८ साली ब्रिटनमध्ये हिंदी सैनिकांच्या सन्मानार्थ खादीची पॉपी निघाली होती. खादीने काय काय पाहिले!

आम्ही दुसऱ्याच्या फुलाविषयी इतके लिहितो, म्हणून स्वतःविषयीही सांगितले पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शाळेचा भार आमच्याकडे असता, ध्वजदिनाचा झेंडा न घेणाऱ्या मुलांची नावे आम्ही फळ्यावर लिहविली होती. निधी चांगला होता, हेतू चांगला होता. का घेतला नाही, असे आम्ही त्यांतील एकालाही विचारले नाही. डोरीनबाईंचा सवाल वाचताना तो फळा पुन्हा डोळ्यांपुढे आला. यहोशवाने यार्देनेतून उचलून आणलेल्या बारा धोंड्यांचा अर्थ काय, हे मुलांनी विचारावे आणि वडिलांनी सांगावे, अशी तेथे योजना होती. मुलांनी ते धोंडे मुकाट्याने छातीशी धरावेत अशी नव्हती.

त्या धर्मशिक्षकास आम्ही आता असे कळविले आहे : पेटी वेदीपाशी नेऊ नये आणि मुलांच्या छातीवर फूल लावू नये. ज्या म्हाताऱ्या माजी सैनिकांना ते स्वतः होऊन हवे असेल त्यांना जरूर द्यावे, व न घेणाऱ्यास कोणी कारण विचारू नये. त्याऐवजी धर्मग्रामाच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या काढाव्यात. पलटणीबरोबर शिपाई म्हणून, स्वयंपाकी म्हणून, इस्पितळातील सेवक म्हणून गेलेले व परत न आलेले त्या गावातही असतील. मृतांच्या वहीत ते सापडणार नाहीत, कारण त्यांना गावी पुरले नाही. त्याने काम हाती घेतले आहे. १९१४ पूर्वीची वही वाळवीने अर्धी खाल्ली आहे, आणि वाचता येणाऱ्या पानांत आजवर दोन नावे मिळाली असे तो लिहितो. ती येत्या २ नोव्हेंबरला मिस्सेत घेतली जातील.