शरदातील मुंबई आणि दोन येशूसंघीय

अमळनेरात दसऱ्याच्या सुमारास बोरीच्या काठी धोबी पक्षी शेपटी हलवीत उतरतो, तेव्हा शरद आला हे कोणाला सांगावे लागत नाही. मुंबईसारख्या महानगरात मात्र ऋतू शोधावा लागतो. तेथील झाडापानांचा शोध घेणाऱ्यांत आपले दोन धर्मगुरू अग्रभागी होते.

स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांनी सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिसंग्रह उभारला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हिशेब आणि कायद्याच्या अभ्यासात गुंतलेल्या तरुण सलीम अलींना प्राणिशास्त्राकडे वळविले तेही त्यांनीच. माझ्या मते फादरांच्या संग्रहातील हा सर्वांत मोलाचा नमुना!

त्याच कॉलेजातील स्पॅनिश फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली निघाला. १९६७ साली त्यांना पद्मश्री लाभली. कारवीचा त्यांनी विशेष अभ्यास केला. ही झुडपे सात-आठ वर्षे नुसती वाढतात, मग पावसाळा सरता सरता साऱ्या डोंगरावर एकदमच फुलतात, बी धरतात आणि मरतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ व २०१६ साली असा जांभळा बहर आला होता. वाळलेल्या काठ्यांचे कूड होतात. बोंडे मात्र पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींत तडतडून फुटतात.