वेड, मका आणि मजुरी

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो. पाणी हवे तितके पिण्याची मुभा असते. सोळाव्या दिवशी बाप त्याला ऋचा, यजुर्मंत्र आणि सामे म्हणायला सांगतो, पण बारा वर्षे घोकलेले वेद मुलाला आठवत नाहीत. मोठ्या अग्नीतला काजव्याएवढा एक निखारा तेवढा तुझ्यात उरला आहे, असे बाप म्हणतो आणि त्याला जेवायला पाठवतो. जेवून आल्यावर श्वेतकेतूला सारे आठवते. मन अन्नापासून घडते, हा सिद्धान्त उद्दालकाने असा मुलाच्याच देहावर पडताळून दाखवला.

वर्गात आपण हे आख्यान तत्त्वज्ञान म्हणून शिकवतो. त्यातली एक साधी गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. श्वेतकेतूचा उपास ठरवून केलेला होता आणि सोळाव्या दिवशी घरात अन्न होते. ज्यांच्या घरी असे अन्न नव्हते त्यांच्या मनाचे काय झाले, हे पाहायचे तर पेलाग्रा या रोगाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने 1735 मध्ये दरिद्री शेतकऱ्यांमधील एका विचित्र रोगाचे वर्णन केले. उन्हात उघडी राहणारी कातडी लालभडक होऊन खरखरीत होई आणि गळ्याभोवती हारासारखा पट्टा उमटे. पुढे 1771 मध्ये मिलानच्या फ्रान्चेस्को फ्रापोल्लीने या रोगाचे ‘पेलाग्रा’, म्हणजे ‘खरखरीत कातडी’, हे लोकांच्या तोंडचे नाव ग्रंथात आणले. मात्र रोग कातडीवर थांबत नसे. अतिसार होई, मग उदासी, झोप उडणे, भ्रम, बरळणे आणि शेवटी मृत्यू. उत्तर इटलीतील वेड्यांच्या इस्पितळांत असे शेतमजूर मोठ्या संख्येने दाखल होत असत.

रोग मक्याच्या मागोमाग युरोपभर पसरला. मका मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळत. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते आणि चुन्याच्या संस्काराने ते मोकळे होते. युरोपने पीक उचलले, पण ते रांधण्याची रीत मागेच राहिली. गटे 1786 मध्ये इटलीच्या वाटेवर होता तेव्हा त्याला शेतकरी स्त्रियांचे निस्तेज चेहरे दिसले आणि त्याने त्याचे कारण मक्याच्या व कुट्टूच्या सततच्या आहारात शोधले. पुढे चेझारे लोंब्रोझोसारख्या नामांकित विद्वानाने मात्र किडक्या मक्यातील विषावर बोट ठेवले. दोष धान्याच्या प्रतीचा ठरला, म्हणून ते खाणाऱ्याच्या ताटात दुसरे काही का नाही, हा प्रश्न बाजूला पडला.

अमेरिकेत हा रोग ठळकपणे नोंदला गेला तोही वेड्यांच्या इस्पितळातच. अलाबामातील माउंट व्हर्नन येथे कृष्णवर्णीय रुग्णांचे इस्पितळ होते. तेथे 1906 मध्ये 88 जणांना पेलाग्रा झाला आणि त्यांपैकी 57 दगावले. काही लोक पेलाग्रामुळे भ्रमिष्ट होऊन इस्पितळात येत होते, तर काहींना इस्पितळातल्या जेवणामुळेच पेलाग्रा होत होता. दाखलनोंदीत दोघांच्याही नावापुढे वेडच लिहिलेले असे.

सरकारने 1914 मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरकडे हे काम सोपवले. हंगेरीतून लहानपणी न्यूयॉर्कला आलेल्या एका स्थलांतरित ज्यू कुटुंबातला हा मुलगा होता. दक्षिणेतील संस्था फिरताना त्याला दिसले की रोग रुग्णांना आणि अनाथ मुलांना होतो, त्यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या परिचारकांना होत नाही. संसर्गजन्य रोग असा पदभेद पाळणार नाही. मिसिसिपीतील जॅक्सनच्या अनाथाश्रमात तर रोग मुख्यतः सहा ते बारा या वयातल्या मुलांनाच होता. त्याहून लहानांना दूध मिळे, मोठ्या मुलांना कामाला जुंपत म्हणून मांस मिळे. मधल्यांच्या वाट्याला मक्याचे पीठ आणि काकवी. गोल्डबर्गरने दूध, अंडी, मांस आणि शेंगा वाढायला लावल्या आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला.

तरीही विद्वानांना ते पटेना. 1915 मध्ये त्याने माफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना महिनोन्‌महिने मक्याच्या आहारावर ठेवून रोग निर्माण करून दाखवला. आजच्या नीतीला हा प्रयोग मान्य होणार नाही. दुसऱ्याच वर्षी त्याने स्वतःला, पत्नी मेरीला आणि काही सहकाऱ्यांना रुग्णांचे रक्त टोचले. रुग्णांच्या मलाच्या पिठात वळलेल्या गोळ्याही सहकाऱ्यांसह गिळल्या. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. त्याच सुमारास चार्ल्स डेव्हनपोर्ट हा वंशशुद्धीचा पुरस्कर्ता रोगाचे मूळ आनुवंशिकतेत शोधत होता. संसर्ग असो की रक्तदोष, या दोन्ही उत्तरांत मजुरीचा विषय निघत नाही. गोल्डबर्गर आणि अर्थतज्ज्ञ एडगर सिडनस्ट्रिकर यांनी दक्षिण कॅरोलिनातील गिरणीवस्त्यांत घरोघर जाऊन मिळकत आणि जेवण मोजले; मिळकत जितकी कमी तितका रोग अधिक आढळला. कापसाचे भाव कोसळल्यावर, 1921 मध्ये, रोग वाढेल असा इशारा त्याने दिला, तेव्हा दक्षिणेतील पुढाऱ्यांना तो आपल्या प्रांताचा अपमान वाटला.

गोल्डबर्गर 1929 मध्ये गेला. 1937 मध्ये कॉनराड एल्वेजेमने निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिनने, कुत्र्यांमधील याच जातीचा रोग बरा करून दाखवला. लवकरच टॉम स्पाइज आदी डॉक्टरांना दिसले की त्याच आम्लाने भ्रमिष्ट रुग्ण काही दिवसांत शुद्धीवर येतात. वेडाच्या एका प्रकाराचे नेमके कारण सापडले आणि नेमका इलाजही.

या यशातूनच पुढचा गैरसमज उगवला. एका जीवनसत्त्वाने वेड जाते, तर भरपूर जीवनसत्त्वांनी सगळीच वेडे का जाऊ नयेत? कॅनडात 1950 च्या दशकात हॉफर आणि ऑस्मंड यांनी स्किझोफ्रेनियावर नायसिनच्या प्रचंड मात्रा वापरल्या. 1968 मध्ये लायनस पॉलिंगने या विचाराला ‘ऑर्थोमॉलिक्युलर’ असे भारदस्त नाव दिले. 1973 मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या अभ्यासगटाने हे दावे अमान्य केले. अगदी अलीकडे, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार युरोपीय देशांतील हजारावर जणांच्या चाचणीतही पोषक पूरकांच्या गोळ्यांनी नैराश्य टळल्याचे दिसले नाही. उणीव भरून काढणे ही एक गोष्ट. उणीव नसताना भर घालणे ही दुसरी. आजच्या पूरकांच्या जाहिराती पहिल्याची पुण्याई दुसऱ्याच्या नावावर जमा करतात.

हा इतिहास आपल्या जोंधळ्याच्या मुलखालाही शिवून गेला आहे. मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या पठारावरील गरिबांमध्ये पेलाग्रा आढळला, तेव्हा सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतील ल्यूसिन या घटकाकडे लक्ष वेधले. त्या उपपत्तीवर पुढे बरेच वाद झाले. पण भाकरी खाणारे सगळेच पेलाग्राने आजारी पडत नव्हते, हेही तितकेच खरे. जिच्यासोबत डाळ, दूध, शेंगदाणे होते, ती भाकरी निर्धोक होती. जिच्यासोबत नुसते तिखट-मीठ होते, ती भाकरी धोक्याची ठरली.

साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासातून काय घ्यावे? ‘वेडा’, ‘रक्तातच दोष आहे’, ‘किडके धान्य’ हे शब्द दोनशे वर्षे शास्त्राच्या भाषेत वावरले आणि त्या सगळ्यांनी मिळून ‘भूक’ हा एक शब्द झाकून ठेवला. कथा-कादंबऱ्यांत भ्रमिष्ट माणूस भेटला की आपण त्याच्या मनाचा तळ शोधू लागतो, ते करावेच. पण त्याच्या ताटात काय होते आणि ते कोणत्या मजुरीत आले होते, हे लेखकाने सांगितले आहे का, तेही वाचताना पाहावे. गोल्डबर्गरने इस्पितळात शिरल्यावर आधी स्वयंपाकघराकडे पाहिले होते.