ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर : बदल व स्थापना

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्ड यांच्यामध्ये काम करणारे सॉफ्टवेअर. गेम किंवा इतर प्रोग्रॅम डायरेक्टएक्स, व्हल्कन अशा ठरावीक पद्धतींनी चित्र काढण्याच्या आज्ञा देतात. ड्रायव्हर त्या आज्ञा विशिष्ट चिपला समजतील अशा रूपात आणतो. म्हणून कार्ड बदलताना ड्रायव्हरही तपासावा लागतो.

ड्रायव्हर नसला तरी पडदा सहसा काळा राहत नाही. विंडोज ८ पासून अशा वेळी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ हा साधा ड्रायव्हर काम सांभाळतो. चित्र दिसते, पण कार्डाची खरी क्षमता वापरली जात नाही. संगणक सुरू करताच पडद्यावर काहीच उमटले नाही, तर आधी कार्डाची वीजजोडणी पाहावी आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डालाच लावली आहे ना, याची खात्री करावी.

जुने व नवे कार्ड एकाच कंपनीचे असेल, तर बहुधा ताजा ड्रायव्हर जुन्यावरच बसवता येतो. एनव्हिडिया आणि एएमडी यांचे एकेक पॅकेज अनेक पिढ्यांच्या कार्डांना चालते. मात्र कार्ड बाजारात येण्यापूर्वीचे पॅकेज त्याला ओळखत नाही. कंपनी बदलत असेल, तर नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा, जुना अनइन्स्टॉल करावा, संगणक बंद करून कार्ड बदलावे आणि मग नवा ड्रायव्हर बसवावा. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढण्याची गरज नसते. तो दुसऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरसोबत नांदू शकतो.

जुन्या ड्रायव्हरचे अवशेष अडचण करत असतील, तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे साधन सेफ मोडमध्ये चालवतात. एएमडीचे स्वतःचे क्लीनअप साधन आहे. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘क्लीन इन्स्टॉलेशन’चा पर्याय असतो. या काळात इंटरनेट तोडलेले बरे, कारण विंडोज अपडेट मध्येच स्वतःहून ड्रायव्हर बसवू शकते.

लिनक्समध्ये एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून कर्नलचाच भाग आहे. त्यामुळे नव्या कार्डासाठी कर्नल, मेसा आणि फर्मवेअर पुरेसे नवे असावे लागतात. एनव्हिडियासाठी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर किंवा कंपनीचा ड्रायव्हर वापरता येतो. कंपनीचा वापरताना ‘नूवो’ बंद ठेवावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल, तर कर्नल मॉड्यूलवर मान्य स्वाक्षरी नसल्यास ते लोडच होत नाही.

शेवटी विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नाव बरोबर दिसते का, ते पाहावे. तिथे ‘कोड ४३’ दिसल्यास उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलेले असते. दोष ड्रायव्हरचा किंवा हार्डवेअरचाही असू शकतो. अद्ययावत केल्यानंतर अडचण सुरू झाली असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागील आवृत्ती परत आणता येते.