शर्यत, पैज आणि अध्यक्षपद

चढाओढ दाखविणाऱ्या जुन्या मराठी शब्दांच्या व्युत्पत्ती एकत्र मांडल्या म्हणजे एक गोष्ट सहज नजरेस येते. ‘पैज’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिज्ञा’पासून प्राकृतामार्गे आला, १२९० च्या ज्ञानेश्वरीत तो चढाओढीच्या अर्थाने आढळतो. ‘शर्यत’ हे अरबी ‘शर्त’ या शब्दाचे फारसीवाटे आलेले रूप होय. या दोहोंच्याही मुळाशी धावण्याचा किंवा झुंजण्याचा अर्थ नाही. आरंभी उभयतांनी काय कबूल केले, हा अर्थ आहे. निवडणुकीची परिभाषा मात्र निराळ्या कुळातली आहे. ‘निवडणे’ हा धान्य निवडणाऱ्या हातांचा शब्द. ‘उमेदवार’ म्हणजे आशा धरून राहिलेला. पुढे पगाराची नेमणूक मिळेल या भरवशावर आधी फुकट राबणे म्हणजे ‘उमेदवारी करणे’. ‘निवडणुकीस उभे राहणे’ यात इंग्रजी प्रयोगाची छाया असावी, पण ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ हे सरळ तालमीतून आलेले दिसतात. या शब्दांत शर्तीचा मागमूसही नाही. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी विसरू नये. तथापि इतिहासाला कोणता प्रश्न विचारावा, एवढे तीवरून सुचू शकते. सार्वजनिक जीवनातील चढाओढीत शर्त कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत ठरविली, हा तो प्रश्न होय.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत त्याचे उत्तर सोपे असते. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून चालविलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा पाहावी. २०२२ साली परीक्षकांनी एकाही संघास करंडक दिला नाही. त्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु निकाल देण्याचा अधिकार परीक्षकांचा आहे, हे सर्वांनी आधीच मान्य केलेले असल्यामुळे निकाल उभा राहिला.

आता काँग्रेसच्या अध्यक्षपदाकडे वळू. आरंभीच्या काळात अध्यक्ष ‘निवडला’ जाई तो नावापुरता. नाव अगोदर ठरलेले असे. अधिवेशनात एकाने सूचना मांडावी, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे आणि प्रतिनिधींनी टाळ्या वाजवाव्या, एवढाच विधी. १९०६ साली कलकत्त्यास टिळकांच्या नावावरून तंटा होऊ नये म्हणून दादाभाई नौरोजींना बोलावून वेळ निभावून नेण्यात आली. पुढील वर्षी ती युक्ती उरली नाही. नागपूरला ठरलेले अधिवेशन सुरतेस हलविण्यात आले. नेमस्तांचे अध्यक्ष राशबिहारी घोष, तर जहालांना हवे होते लाला लजपतराय. लजपतरायांनी स्वतःच नकार दिला, तरी कलकत्त्याचे ठराव सौम्य केले जातील ही जहालांची शंका गेली नाही.

२६ डिसेंबर १९०७ रोजी सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनास उठले आणि गोंधळामुळे सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांस चिठ्ठी पाठविली, की अनुमोदनानंतर आपणांस तहकुबीची सूचना मांडावयाची आहे. चिठ्ठीस उत्तर आले नाही. घोष निवडून आल्याचे जाहीर झाले. टिळक व्यासपीठावर चढले तेव्हा अध्यक्ष स्थानापन्न झाले आहेत, सबब बोलता येणार नाही, असे त्यांस सांगण्यात आले. सूचना आधी कळविली असल्याने निवड पुरी झालेलीच नाही, असे टिळकांचे म्हणणे. त्यानंतर उडालेला दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ व फिरोजशहा मेहता यांस लागला, हे सर्वश्रुत आहे. आमच्या ग्रंथांतून त्या जोड्याचे वर्णन जितक्या आवडीने येते तितक्या आवडीने त्या चिठ्ठीचे येत नाही. वास्तविक वादाचे मर्म चिठ्ठीत आहे. निवड कोणत्या क्षणी पुरी होते, हे अगोदर ठरलेले असते तर दोन्ही पक्षांना निदान एकाच गोष्टीवर भांडता आले असते.

१९३९ साली हा दोष राहिला नव्हता. प्रतिनिधींची मते मोजली जात होती. २९ जानेवारीस सुभाषचंद्र बोस यांना १५८० आणि पट्टाभि सीतारामय्या यांना १३७७ मते पडली. येथे आकड्यांविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती आकड्यांचा अर्थ काय याविषयी. अध्यक्षाची निवडणूक धोरणांवर लढली जावी, असे बोस यांचे म्हणणे. उलट वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, कृपलानी, शंकरराव देव आदी सात जणांनी मतदानापूर्वीच पत्रक काढले, की अध्यक्ष हा सभेचा प्रमुख होय, धोरण ठरविणारा नव्हे, आणि त्याची निवड एकमतानेच होत आली आहे. म्हणजे एकाच मतपेटीत दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे पडत होती. निकालानंतर पट्टाभींचा पराभव हा त्यांच्याहून अधिक आपला असल्याचे गांधीजींनी जाहीर केले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीस भरलेल्या अधिवेशनात पंतांचा ठराव संमत झाला. कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असे त्याने अध्यक्षास बजावले. २९ एप्रिलला बोस यांनी पद सोडले. जिंकलेल्याच्या हाती काय द्यावयाचे, ही शर्त ठरलेली नव्हती.

त्या सात जणांतील दोघे १९५० साली स्वतःच परस्परांविरुद्ध उभे होते. कृपलानींना १०९२ आणि शंकरराव देवांना २०२ मते मिळाली. पटेलांचा पाठिंबा असलेले पुरुषोत्तमदास टंडन १३०६ मतांनी विजयी झाले. एकमताचा आग्रह धरणाऱ्यांनी अकरा वर्षांत भूमिका बदलली, याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर अध्यक्षपदाचे मोल बदलले होते. पण जुना प्रश्न तसाच राहिला. टंडन सप्टेंबरात नाशिकच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि बरोबर वर्षभराने, पंतप्रधान नेहरूंशी पटेनासे झाल्यावर, त्यांनीही पद सोडले. ते नेहरूंनी स्वतःकडे घेतले. कृपलानी तोवर काँग्रेसबाहेर पडले होते.

१९३९ आणि १९५१ या दोन्ही वेळी मराठी वाचकाने वाचलेला शब्द ‘राजीनामा’ हाच. फारसीत ‘राजी’ म्हणजे संतुष्ट, कबूल. आणि आपल्याकडील जुन्या व्यवहारात राजीनामा हा संमतीचा कागद असे. पद सोडण्याचा अर्थ त्यास पुढे चिकटला. तो नेमका कोणत्या मार्गाने चिकटला, याचा शोध मोडी दप्तरांतून घेण्याजोगा आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याने तो प्रबंधासाठी अवश्य घ्यावा.