पोकाहाँटस काउंटीतील ऐतिहासिक मार्गफलक
अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील, ॲपालॅचियन पर्वतप्रदेशातल्या पोकाहाँटस काउंटीत रस्त्याकडेला उभारलेले इतिहासनिदर्शक फलक. ग्रीनब्रायर नदीच्या उगमाकडील या काउंटीची स्थापना १८२१ मध्ये बाथ, पेंडलटन व रँडॉल्फ या काउंट्यांच्या भागांतून झाली.

उगम : शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात अशा फलकांची योजना १९२७ मध्ये सुरू झाली. वेस्ट व्हर्जिनियाने १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात (पहा : महामंदी), तिचा अवलंब केला. सध्या योजनेचे काम राज्याचा अभिलेखागार व इतिहास विभाग पाहतो.

वैशिष्ट्ये : फलक धातूचे, पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या अक्षरांचे असून त्यांवर शीर्षक व मोजक्या ओळींचा मजकूर असतो. काउंटीच्या सीमेवरील फलकांवर प्रत्येक बाजूस एकेका काउंटीची माहिती असते. प्रमुख विषय : मार्लिन व स्यूएल या वसाहतकारांचे १७४९ मधील वास्तव्य (मार्लिंटन), ६ नोव्हेंबर १८६३ ची ड्रूप मौंटनची लढाई (पहा : यादवी युद्ध, अमेरिकेतील), नोबेल पारितोषिकविजेत्या लेखिका पर्ल बक यांचे हिल्सबरो येथील जन्मस्थान (पहा : बक, पर्ल).

महत्त्व : संग्रहालये व ग्रंथालये विरळ असलेल्या डोंगराळ भागात हे फलक स्थानिक इतिहास घटनास्थळीच सर्वांना विनामूल्य उपलब्ध करतात. मजकूर संक्षिप्त असल्याने त्यांतील माहिती मूळ कागदपत्रांशी पडताळावी लागते.